कधी कधी अडणारी गाडी

बंद पडलेली गाडी दुरुस्त करणं त्या मानाने सोपं असतं. खरी परीक्षा बघते ती कधी कधी अडणारी गाडी. रस्त्यात ती आपल्याला रडवते आणि मेकॅनिकच्या दारात शहाण्या बाळासारखी चालते.

माझी मोटरसायकल २००९ सालची, कार्ब्युरेटरवाली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आलं. त्या गाड्यांमधला छोटा संगणक काही बिघाडांची नोंद स्वतःच ठेवतो. जुन्या गाडीत ती नोंद आपल्यालाच ठेवावी लागते. हा लेख त्या नोंदीबद्दलच आहे.

मी रोज हडपसरहून दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला शाळेत जातो. पावसाळा संपता संपता गाडी घाटात मिसिंग करायला लागली. एक्सलेटर पिळला तरी पिकअप नाही, दोन-चार झटके आणि गाडीचा दमच जायचा. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा व्यवस्थित चालू. मागे सहावीतली मुलगी बसलेली, वळणावर भरलेला ट्रक अगदी पाठीशी आणि गाडीने अशा वेळी मान टाकलेली. त्या दिवशी घरी निर्णय झाला, एक तर दोष सापडला पाहिजे, नाहीतर गाडी विकायची. नव्या गाडीचा हप्ता बजेटमध्ये बसत नव्हता.

आमचे मेकॅनिक प्रामाणिक माणूस. त्यांनी एअर फिल्टर बघितला, प्लग साफ करून त्याचा गॅप तपासला, कार्ब्युरेटर खोलून धुतला. प्रत्येक कामानंतर गाडी आठ-दहा दिवस छान चालायची आणि परत तेच. शेवटी ते म्हणाले, "सर, अडलेली असताना आणा. चालत्या गाडीत मी काय शोधू?"

त्यांचं बरोबर होतं. दोष हजर नसेल तर तपासणार काय? म्हणून मी एक दोनशे पानी वही केली. रकाने साधे : तारीख, हवा, किती किलोमीटरनंतर अडली, वेग, चढ की सपाट, टाकीत पेट्रोल किती, आणि काय केल्यावर चालू झाली. न अडलेल्या दिवसांचीही नोंद ठेवायची, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला. फक्त वाईट दिवस लिहिले तर तुलना कशाशी करणार?

दीड महिन्यात सात वेळा गाडी अडली. वही चाळली तर ऊन, थंडी, पाऊस यांचा काही मेळ बसेना. शहरातल्या गर्दीत ती एकदाही अडली नव्हती, अडली ती घाट चढतानाच. आणि सातही वेळा टाकी त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवस आधी फुल्ल केलेली होती.

वहीत आणखी एक गोष्ट होती. अडताना चोक ओढला की गाडी क्षणभर सावरायची. चोक ओढल्यावर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं. म्हणजे स्पार्क मिळत होता, कमी पडत होतं ते पेट्रोल. तापल्यावर इग्निशन कॉइल दगा देते का, ही शंका त्यामुळे मागे पडली.

आता "पेट्रोल भरलं की अडते" एवढं ऐकल्यावर कोणीही म्हणेल, पेट्रोलच खराब. शेजाऱ्यांनी तसं म्हटलंही. पण नोंदीत दोन वेगवेगळे पंप होते. मेकॅनिकने कार्ब्युरेटरमधलं थोडं पेट्रोल काढून काचेच्या बाटलीत ठेवून पाहिलं, तळाशी पाण्याचा थर जमला नाही. मग एक साधी चाचणी केली. त्याच पंपावर गेलो, पण टाकी अर्धीच राहील इतकंच पेट्रोल घेतलं. दोन दिवस त्याच घाटातून, त्याच वेगाने गेलो. गाडी अडली नाही. पंप तोच, घाट तोच, बदललं ते फक्त टाकीतलं पेट्रोल. मग भरलेल्या टाकीत असं वेगळं काय असतं?

भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी असते!

अशा मोटरसायकलमध्ये पेट्रोल टाकीतून कार्ब्युरेटरकडे स्वतःच्या वजनाने उतरतं. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी टाकीच्या झाकणात एक बारीक वाट ठेवलेली असते. ती बुजली की आतल्या हवेचा दाब घटतो आणि पेट्रोल उतरायचं मंदावतं. टाकी अर्धी रिकामी असेल तर आत भरपूर हवा असते, थोडं पेट्रोल गेल्याने तिचा दाब फारसा बदलत नाही. टाकी फुल्ल असेल तर हवा मूठभर, तिचा दाब झपकन उतरतो. घाटात इंजिन जास्त पेट्रोल मागतं, म्हणून तिथेच अडायचं. आणि दर दुरुस्तीनंतर गाडी काही दिवस का चालायची, तेही कळलं. तोवर टाकी खाली झालेली असायची.

पुढच्या वेळी टाकी फुल्ल करून एकटाच निघालो. घाटात झटके बसताच गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घेतली, इंजिन बंद केलं आणि टाकीचं झाकण उघडलं. "फुस्स!" हवा आत गेली. झाकण लावून किक मारली, गाडी लगेच चालू. मेकॅनिककडेही गाडी गेली की ते आधी झाकण उघडून पेट्रोल बघायचे. त्या तपासणीतच दोष पळून जात होता.

झाकणातल्या वाटेत चिखलाची वाळलेली पूड होती. त्यांनी हवेच्या प्रेशरने ती साफ केली. तेवढ्यावर समाधान न मानता मी पुढचे तीन वेळा टाकी फुल्ल करून घाट चढलो. ज्या परिस्थितीत अडायची, त्याच परिस्थितीत चालली तरच दोष गेला म्हणायचं.

हे आठवीच्या वर्गात करून दाखवता येतं. जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची बरणी घ्या. तळाशी बारीक भोक पाडा. एकदा बरणी काठोकाठ भरून, एकदा अर्धी भरून झाकण लावा आणि धार थांबेपर्यंत किती पाणी पडतं ते मोजा. भरलेलीतून काही थेंब, अर्धीतून चमचाभर किंवा जास्त. आधी मुलांना अंदाज लिहायला सांगा. माझ्या वर्गात बहुतेकांनी उलटा लिहिला होता, त्यामुळे चर्चा रंगली.

पालकसभेत "कधी छान वाचतो, कधी अडतो, लक्षच नसतं त्याचं" असं ऐकलं की मी आता वही काढायला सांगतो. कुठल्या वेळी, कुठल्या मजकुरावर, कोणासमोर, जेवणाआधी की नंतर, फळ्यावरचं की पुस्तकातलं? चांगल्या दिवसांसकट पंधरा दिवस लिहा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. "लक्ष नाही" हे निदान नव्हे, ती फक्त तक्रार आहे.