स्तोक गांवीं मोटारीची नाडीपरीक्षा

पुण्याची थंडी म्हणजे शालीची थंडी; लडाखची थंडी ही अगदीं निराळ्या जातीची. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेअकरा हजार फूट उंचीवर वसलेलें असून जानेवारीच्या रात्रीं तेथें पारा शून्याखालीं पंधरा-वीस अंश उतरणें हें नवल नव्हे. सिंधूच्या दोन्ही कांठांना बर्फाची झालर लागते. आणि इतकें असूनही आकाश असें निरभ्र कीं, उन्हांत बसलेल्या माणसाची पाठ भाजावी आणि त्याच वेळीं सावलींतले पाय काकडावे!

स्तोक हा गांव लेहच्या समोर, सिंधूच्या पलीकडच्या तीरावर, डोंगराच्या पायथ्याशीं आहे. लडाखच्या राजघराण्याचा वाडा येथेंच. हिवाळ्यांत येथले पॉप्लर व वाळुंज निष्पर्ण उभे असतात, धाब्यांवर गुरांसाठीं चारा रचलेला असतो, आणि सारें घर स्वयंपाकघरांतील बुखारीभोंवतीं गोळा होतें. आम्ही उतरलों होतों त्या घरीं या बुखारीच्या पंगतीस आणखी एक सभासद असे, तो म्हणजे मोटारीची बॅटरी. रोज रात्रीं ती गाडींतून काढून आंत आणीत आणि सकाळीं पुन्हां बसवीत. आपल्याकडे तान्ह्या मुलालाही इतकें जपत नसतील असें आमच्या आत्याबाई म्हणाल्या. परंतु हा सोपस्कार फुकटचा नव्हे. शून्याखालीं अठरा अंशांवर बॅटरीचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि नेमकें त्याच वेळीं एंजिनांतलें तेल घट्ट होऊन त्याला फिरवावयास दुप्पट जोर लागतो. शिवाय उतरलेल्या बॅटरींतलें पाणी गोठून ती फुटण्याचेंही भय असतें.

तिसऱ्या दिवशीं आत्याबाईंना उंचीची हवा बाधली. डोकेदुखी, ओकाऱ्या, चार पावलांत धाप. वय बहात्तर. सायंकाळीं लेहच्या डॉक्टरांनीं तपासून प्राणवायूचें नळकांडें दिलें आणि स्पष्ट सांगितलें कीं, या दुखण्याचें खरें औषध खालीं उतरणें हेंच. सह्याद्रींत माणूस घाट उतरला कीं खालीं येतो. लेहहून सुटणाऱ्या वाटेला मात्र आधीं खिंडी चढाव्या लागतात. श्रीनगरच्या वाटेवरील फोटू ला तर तेरा हजार फुटांहून उंच आहे, आणि मनालीचा रस्ता हिवाळ्यांत बंदच. तेव्हां उरलें तें सकाळीं साडेसातचें विमान. दुपारीं या खोऱ्यांत वारा उठतो, म्हणून येथलीं विमानें बहुधा सकाळींच सुटतात. हें चुकलें कीं सारा दिवस गेला.

पहाटे सव्वापांच वाजतां आमच्या यजमानांनीं डीझेलच्या जीपला सेल्फ मारला. (यांना सारा गांव आचो-ले म्हणतो, म्हणजे आपल्याकडचे दादा.) एंजिन फिरलें, फिरत राहिलें, पण पेटलें नाहीं. दुसऱ्यांदा तेंच. लेहहून टॅक्सी बोलावली; परंतु ती येण्यास तास लागणार, आणि तीही सुरू झाली तर!

शेजारीपाजारी जमले. एक वृद्ध गृहस्थ कढत पाण्याची किटली घेऊन आले. डीझेल गोठलें, नळीवर पाणी ओता, असें त्यांचें मत. एका तरुणानें ईथरची फवारणी आणली. आचो-लेंनीं दोघांनाही थांबविलें आणि मला म्हणाले, "तुम्ही सेल्फ मारा, मी मागें उभा राहतों." ते विजेरी घेऊन सायलेन्सरपाशीं वाकले. मीं किल्ली फिरविली. अंधारांत पांढऱ्या धुराचा लोट उठला.

त्या धुरानें निम्मा प्रश्न सोडविला. एंजिन जोमानें फिरत होतें, म्हणजे बॅटरी व तेल निर्दोष. धूर मुळींच नसता तर डीझेल पोंचत नाहीं असें ठरलें असतें. डीझेलांत मेणाचा अंश असतो. कडक थंडींत तो दुधासारखा गढूळ होऊन गाळणी बुजवितो. लडाखचें हें जुनें दुखणें, आणि त्यावर उणे ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें हिवाळी डीझेल नोव्हेंबर २०१९ पासून तेथें मिळूं लागलें आहे. पण पांढरा धूर याचा अर्थ डीझेल आंत जातें, वाफ होतें आणि न जळतां बाहेर पडतें. उणीव ठिणगीची म्हणावी, तर डीझेलच्या एंजिनांत ठिणगी नसतेच. रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ मध्यें आउग्सबुर्ग येथें यशस्वी करून दाखविलेलें हें यंत्र हवा दाबून तापवितें आणि त्या तापानेंच इंधन पेटवितें. लेहची हवा मुळांतच थंड, शिवाय विरळ. समुद्रकांठच्या मानानें तिचा दाब दोनतृतीयांशच भरतो. अशा वेळीं सारी मदार हीटर प्लगांवर. ते प्रत्येक नळकांड्यांत क्षणभर लाल होऊन हवेला ऊब देतात.

"पण हीटरचा दिवा तर लागून विझला," तो तरुण म्हणाला.

"दिवा वेळ मोजतो, प्लग तपासत नाहीं," आचो-ले म्हणाले. हें वाक्य मला फार आवडलें. त्यांनीं प्लगांना जोडणारी पट्टी सोडविली, एका लहान दिव्याची तार बॅटरीच्या धन टोंकाला लावली आणि दुसरी एकेका प्लगला टेंकविली. पहिल्यावर दिवा लागला. दुसऱ्यावर नाहीं. तिसऱ्यावर लागला. चौथ्यावर नाहीं. जुलईत ही गाडी एका दमांत सुरू होई, ऑक्टोबरांत दोनदां किल्ली फिरवावी लागे. प्लग तेव्हांच गेले असावेत, पण उबदार हवेनें तें झांकून ठेवलें.

नवे प्लग घरांत होते. तथापि थंड एंजिनांत अडकलेला प्लग जोर करतां मोडतो, आणि मोडका तुकडा आंत राहिला तर गाडी कायमचीच बसते. तेव्हां त्यांनीं पट्टी पुन्हां आंवळली आणि त्या वृद्धांची किटली मागितली! कढत पाण्यांत फडकीं पिळून हवा आंत नेणाऱ्या मॅनिफोल्डभोंवतीं तीं तीनदां गुंडाळलीं. थेट पाणी ओतलें असतें तर धातु तडकण्याची भीति होती. ईथरचा डबा मात्र त्यांनीं परत दिला. लाल झालेल्या प्लगांवर तो वायु गेला कीं स्फोट होतो. मग हीटर लागोपाठ तीनदां दिला, आणि सेल्फ.

एंजिन खोकलें, एका नळकांड्यावर अडखळलें, मग दुसरें लागलें, आणि अंगण थरथरूं लागलें. सहाला दहा मिनिटें होतीं. टॅक्सीवाल्यास फोनवरूनच माघारीं पाठविलें.

चोगलमसरच्या पुलावरून सिंधु ओलांडून विमानतळाच्या दारीं आम्ही वेळेवर पोंचलों. आत्याबाईंना खुर्चींत बसवून सामान उतरवीपर्यंत आचो-लेंनीं एंजिन बंद केलें नाहीं; गरम असतांनाच प्लग काढावयाचे म्हणून ते तसेच लेहच्या बाजाराकडे वळले. सायंकाळीं दिल्लीस त्यांचा फोन आला. तिसरा प्लगही टोंकाशीं जळत आलेला निघाला, म्हणून चारही नवे बसविले. आत्याबाईंनीं तोंवर दोन घास वरणभात खाल्ला होता.