तिसरी पायरी पास

मये तळ्याला भरती-ओहोटी नसते. हे कुठल्याही शाळकरी पोराला ठाऊक असतं. मुलांना शिडाची होडी शिकवणाऱ्या मला त्याचा अर्थ उशिरा कळला, आणि त्याची किंमत अकरा वर्षांच्या एका मुलाने मोजली.

डिचोलीच्या पालकांना मये पसंत होतं. काठावर उभं राहिलं की आपलं पोर दिसत राहतं. आमच्या होड्या ऑप्टिमिस्ट जातीच्या. क्लार्क मिल्स यांनी 1947 साली फ्लोरिडात खास मुलांसाठी आखलेली ही होडी चपट्या नाकाची, जेमतेम 2.3 मीटर लांब आणि 35 किलो वजनाची. एक मूल, एक शीड, एक सुकाणू. अभ्यासक्रम मी ब्रिटनच्या रॉयल याटिंग असोसिएशनच्या चार पायऱ्यांवरून बेतला. पहिलीत वारा ओळखून होडी थोडीफार वळवायची. तिसरीपर्यंत शीड स्वतः चढवून, होडी पाण्यात लोटून, मध्यम वाऱ्यात तीन बोयांचा त्रिकोण पुरा करायचा. पायऱ्यांत खोट नव्हती. मी त्यांच्या इयत्ता केल्या. मेअखेर पाऊस येणार, म्हणून मेअखेर सगळे तिसरी पास! प्रमाणपत्राला सोनेरी किनार होती. ती कल्पनाही माझीच.

पेडण्यात, शापोरा नदीवर, चोपड्याच्या काठालाही माझा एक लहान वर्ग चाले. तिथल्या एका मासेमाराच्या मुलाला मी तिसऱ्या पायरीवर नापास केलं होतं. गाठींची नावं त्याला येत नव्हती, गाठी मात्र माझ्यापेक्षा लवकर पडत. दुसरं कारण मी वहीत लिहून ठेवलं होतं: ‘नाक बोयाकडे धरत नाही.’ पलीकडच्या, शिवोलीच्या बाजूचा बोया गाठताना तो होडीचं नाक बरंच वरच्या अंगाला ठेवायचा. विचारलं तर म्हणाला, ‘‘सर, उदक ओडटा.’’ मला ती सबब वाटली.

त्याच दिवसांत डिचोलीच्या मुलांना मी नार्व्याच्या धक्क्यावर नेलं. पलीकडच्या दिवाडी बेटावर ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली आणि 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय, हे मी रंगवून सांगितलं. त्यांची तयारी 2006 पासून चालली होती, हा भाग एका वाक्यात उरकला. मागे मांडवीतून दिवाडीची फेरीबोट तिरकी होऊन नदी ओलांडत होती. धक्का समोर आणि नाक प्रवाहाच्या वर. धडा डोळ्यांसमोरून चालला होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून भाषण देत होतो.

मग तिसरी पास झालेल्या मुलांना बक्षीस म्हणून मी चोपड्याला आणलं. दिवस पौर्णिमेचा निवडला, कारण त्या दिवशी मला सुट्टी होती. कोकणातला मासेमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारभर उधाणाची ओहोटी. हा हिशेब मला येत होता. केला नाही.

दुपारी वायव्येचा खारा वारा लागला. समुद्राकडून वारा आत आणि नदीचं पाणी बाहेर, अशी झुंज मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर लागली की लाट उंच आणि आखूड होते. डिचोलीचा तो अकरा वर्षांचा मुलगा शिवोलीच्या बोयाकडे निघाला. शीड भरलेलं, होडीमागे पाणी फेसाळत होतं. त्यामुळे आपण छान चाललोय असं त्यालाही वाटलं आणि मलाही. बोया मात्र डावीकडे, नदीच्या वरच्या अंगाला सरकत गेला. ‘‘नाक बोयाकडे धर!’’ मी ओरडलो. आज्ञाधारक पोर, त्याने धरलं. जितका तो माझं ऐकत गेला तितका मुखाकडे वाहत गेला. बोया आणि त्यामागचा एखादा माड एका रेषेत ठेव, रेषा मोडली की वर चढ, एवढं सांगायला हवं होतं. मये तळ्यावर ते सांगायची कधी गरज पडली नव्हती.

दांड्याजवळ होडी उलटली. उलटलेली होडी सरळ करणं आम्ही मये तळ्यात घोटून घेतलं होतं. तिथे लाट पुन्हा पुन्हा अंगावर येत नाही. लाइफ जॅकेट होतं, मुलगा होडीला धरून राहिला. मी बचावाची बोट लहान मुलांपाशी, वरच्या अंगाला ठेवली होती. ती पोचायच्या आत मासेमारांच्या होडीने त्याला उचललं. खरचटण्यापलीकडे काही नव्हतं.

संध्याकाळी त्याची आई आली. आवाज चढला नाही. ‘‘सर, तुम्ही त्याला पास केलं होतं ना?’’ एवढंच विचारलं. मी वाऱ्याचं काहीतरी सांगू लागलो, आणि मध्येच थांबलो. मुलगा पुन्हा आला नाही. पुढे डिचोलीच्या बाजारात दिसला तेव्हा नमस्कार केला आणि वडिलांच्या पलीकडच्या बाजूला गेला.

आता मये तळ्यावर पहिल्या दोनच पायऱ्या होतात. तिसरीची परीक्षा शापोऱ्यात, एकदा भांगाच्या आणि एकदा उधाणाच्या दिवशी. पालक कुरकुरतात, वर्ग अर्धा झाला. चोपड्याच्या त्या मुलाकडे प्रमाणपत्र घेऊन गेलो, तर त्याने किनारीवर बोट फिरवून विचारलं, हे दाखवल्यावर डिझेल स्वस्त मिळतं का? ओहोटीचा धडा हल्ली तोच घेतो; मासळी विकून झाल्यावर येतो, त्याआधी नाही. मीही मुलांबरोबर खाली बसतो. त्याची फी मुलांकडून घ्यायची की माझ्याकडून, यावर आमचं अजून ठरलेलं नाही.