तिसरा ठोका

आमच्या व्हॅनला बॉनेट नाही. नवखा माणूस पुढच्या सीटवर ऐसपैस बसतो आणि पाच-सात किलोमीटरनंतर बूड का तापतंय म्हणून चुळबुळ करायला लागतो. इंजिन त्याच्या खालीच असतं. दुसऱ्या गाड्यांची इंजिनं पुढं, पत्र्याआड आपापलं काम करतात. ओम्नीचं मात्र मांडीखाली धडधडत राहतं. त्यामुळं तिची तब्येत बिघडली की ते कानाच्या आधी माकडहाडाला कळतं.

गेल्या जुलैत असंच कळलं. गगनबावड्याकडं निघालो होतो. कळे मागं पडलं, पावसाची झड वाढली आणि सीटखाली काहीतरी लंगडायला लागलं. बंद पडेना आणि धड चालेनाही. पाय दाबला की एक आचका, मग थोडं बरं, पुन्हा आचका. बायको म्हणाली, "उचकी लागलीय हिला. कोणीतरी आठवण काढतंय." मीही हसलो. उचकी पाणी प्यायल्यावर थांबते. ही पाणी पिऊनच लागली होती, हे कळायला पुढं तीन आठवडे आणि साडेचार हजार रुपये गेले.

ही व्हॅन १९९६ची. १९८४ साली ती बाजारात आली तेव्हा तिचं नाव नुसतंच 'मारुती व्हॅन' होतं, १९८८पासून ती ओम्नी झाली आणि २०१९ साली बनायची थांबली. शाळेची पोरं, मंडपवाल्यांच्या कनाती, रुग्णवाहिकेतले पेशंट, सगळ्यांना तिनं वाहिलं. हिंदी सिनेमानं मात्र तिच्या सरकत्या दारातून फक्त अपहरणं केली. आमच्या व्हॅननं माझी पुस्तकं वाहिली आणि दोन्ही पोरांना वाढवलं. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी तिचं पासिंग करून आणतो, तेव्हा आरटीओतला एजंट माझ्याकडं दयेनं बघतो.

इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. मला त्याचा आवाज दादऱ्यासारखा वाटतो. पेटायचा क्रम १-३-२. धा धी ना, धा ती ना. फ्लायव्हीलच्या दोन फेऱ्यांत तिन्ही सिलिंडर एकेकदा पेटतात, म्हणजे दर दोन तृतीयांश फेरीला एक ठोका. त्यातला एक पडला की सव्वा फेरीहून मोठी पोकळी तयार होते. गाडी उभी असताना मिनिटाला ९०० फेरे धरले तर सेकंदाला बावीस-तेवीस ठोके. एवढे ठोके कोणी मोजू शकत नाही. पण न वाजलेला ठोका कोणालाही कळतो. गाणं न शिकलेल्या माणसालाही तबलजी चुकलेला कळतो, तसंच.

पहिल्या गॅरेजमध्ये त्यांनी काही न ऐकताच सुरुवात केली. तिन्ही प्लग नवे. मग कार्बुरेटर खोलून पेट्रोलनं धुतला, जेट फुंकले. मग पेट्रोल पंप. प्रत्येक वेळी गाडी तिथून छान निघाली, आणि पुढचा पाऊस आला की लंगडली. शेजाऱ्यांचं निदान ठाम होतं: हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात, ते पाणी ओढतं, जुन्या गाड्यांना सोसत नाही. हे मला पटलंही. जगातल्या एका मोठ्या बदलामुळं आपली छोटी अडचण आली आहे, असं मानण्यात एक समाधान असतं.

शेवटी एकानं सांगितलं म्हणून उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडं गेलो. वय सत्तरीच्या आसपास. उसाला पाणी पाजणाऱ्या ऑइल इंजिनांवर हात बसलेला माणूस. त्या इंजिनांना सिलिंडर एकच असायचा, त्यामुळं ठोका चुकला की गप्पच. तीन सिलिंडरच्या यंत्राबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "एक मेला तरी दोघं ओढत्यात. कळतच न्हाई लवकर."

त्यांनी पान्याला हात लावला नाही, आधी मला प्रश्न विचारले. सकाळी लंगडती का दुपारी? चढाला का सपाटीला? उन्हात कधी केलं का? मी उत्तरं देत गेलो, आणि तीन आठवडे आपण हे स्वतःलाही विचारलं नव्हतं असं लक्षात आलं. इथेनॉलचा विषय काढला तेव्हा ते हसले. "सर, टाकी एक. कार्बुरेटर एक. तिथं खोट असती तर तिघंबी लंगडले असते. एकटाच कसा रुसंल?"

पण रुसलेला एकटाच आहे, हे तरी कशावरून? त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, सायलेन्सरच्या तोंडाशी धरली आणि मला खाली वाकायला लावलं. कागद फडफडत होता आणि मधूनच पडत होता; पण कसाही नाही, नेमानं. फडफड, फडफड, आणि एक गप्प. "पेट्रोलात कचरा असला की कवाबी चुकतंय. हे बघा, ठरल्या जागीच चुकतंय." कागद आत ओढला जातो का, तेही त्यांनी पाहिलं, तसं झालं असतं तर व्हॉल्व्ह जळलेला. तो ओढला गेला नाही.

मग सीट उचलली. चालू इंजिनावर रबराच्या मुठीच्या पक्कडीनं त्यांनी पहिल्या प्लगची वायर काढली. गाडी थरथरली, बंद पडायच्या बेतात आली. वायर परत लावली. दुसरी काढली, पुन्हा तेच. तिसरी काढली आणि काहीच झालं नाही. आवाज होता तसाच राहिला. तो प्लग बाहेर काढला तर ओला, पेट्रोलचा वास मारणारा. बाकीचे दोन चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचे. ज्याच्या जाण्यानं कोणाला फरक पडत नाही तो सापडला होता. सेवानिवृत्त माणसाला ही परीक्षा बघणं जरा जड जातं, हे मी तिथं बोललो नाही.

पुतण्याच्या नव्या गाडीत हे काही करावं लागत नाही. यंत्र जोडलं की पडद्यावर 'पी०३०३' असा आकडा येतो, म्हणजे तिसरा सिलिंडर पेटत नाही. मला त्याचं कौतुक आहे. पण तो आकडा मिस्त्री जिथं पोचले होते तिथंच आणून सोडतो: कुठं ते कळतं, का ते नाही. खरी मजा तिथून पुढं होती.

तिसरा प्लग पहिल्याच्या जागी गेला, पहिला तिसऱ्याच्या. आजार जागेवरच. म्हणजे प्लग निर्दोष. दुसऱ्या गाडीची वायर लावली. आजार जागेवरच. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून त्यांनी मला चावी मारायला सांगितली. अंगठा फटकन उडाला. म्हणजे दाबही आहे. एकेकाला निर्दोष सोडत ते वीज येते त्या वाटेनं उलटं चालले होते. पुढं उरली डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी, जिथून वीज तिघांना पाळीपाळीनं वाटली जाते. ती काढून त्यांनी उजेडात फिरवून पाहिली. मला काही दिसलं नाही. त्यांनाही दिसलं नसावं, कारण ती परत बसवत ते म्हणाले, "दिवस मावळल्यावर या."

सातला गेलो. बाहेर भुरभुर होती. त्यांनी शेडमधले दिवे घालवले, गाडी चालू करायला लावली आणि न्हाव्याकडं असते तसल्या बाटलीनं टोपीवर पाण्याचा बारीक फवारा मारला. इंजिन लंगडलं. आणि अंधारात, तिसऱ्या वायरीच्या बुंध्यापासून खालच्या धातूपर्यंत, एक निळी मुंगी सरसर धावली. पुन्हा धावली. प्रत्येक चुकलेल्या ठोक्याला एकदा. तीन आठवडे मी जो ठोका गेला म्हणत होतो तो गेला नव्हताच. तो वाजत होता, फक्त भलतीकडं.

टोपी पुन्हा काढली. आता कुठं बघायचं ते माहीत होतं, म्हणून दिसली: पेन्सिलीनं ओढावी तशी केसाएवढी रेघ. तीस वर्षांची उष्णता खाऊन प्लॅस्टिकला चीर गेलेली. कोरड्या दिवसात हजारो व्होल्टची ती वीज नाइलाजानं प्लगकडं जायची. ओल आली की तिला हा जवळचा रस्ता मिळायचा. आणि दर वेळी जाताना ती थोडी काजळी मागं ठेवायची, म्हणजे पुढच्या खेपेला आणखी सोपं. शेतातून पायवाट पडते तशीच.

नवी टोपी पुण्याहून यायला आठ दिवस लागणार होते. मिस्त्रींनी ब्लेडनं ती रेघ खरवडली, पेट्रोलनं पुसली, फुंकर मारून वाळवली. मग माझ्याकडं वळून विचारलं, "वैनींकडं नखाचं पॉलिश असंल का?"

मी चेष्टा समजलो. पण घरी जाऊन आणलं. मरून रंगाचं, मुलीच्या लग्नात घेतलेलं, अर्ध्याहून जास्त भरलेलं. त्यांनी चष्मा वर सरकवून त्या चिरेवर तीन हात दिले, प्रत्येक हात वाळू देत, आणि टोपी बसवली. पुन्हा फवारा मारला, दुप्पट. दादरा सम सोडीना.

आठ दिवस आम्ही त्या मरून रेघेवर हिंडलो, एकदा भर पावसात गगनबावड्यालाही जाऊन आलो. मग नवी टोपी बसली. जुनी मी मागून घेतली. ती टेबलावर पेनांशेजारी आहे. बाटली मात्र मिस्त्रींकडंच राहिली. परवा गेलो तेव्हा ती त्यांच्या पेटीत, फीलर गेज आणि पक्कडीच्या मधे उभी होती, निम्म्याच्या खाली उतरलेली. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "वैनींना सांगू नका. पाच गाड्या चालू केल्या तिनं."

घरी अजून शोध चालू आहे.