न दुखणारं दुखणं

गेले तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघा-तिघांनी फोन करून चौकशी केली. पुण्याच्या भाचीने तर थेटच विचारलं, "मामा, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "बारीकसं ऑपरेशन झालं." कसलं, ते मात्र सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. चौतीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि आज त्र्याहत्तराव्या वर्षी आपल्याच शरीराच्या एका भागाचं नाव तोंडातून निघत नाही! म्हणून आज ठरवून लिहितो आहे.

गेल्या दिवाळीनंतर अंघोळ करताना उजवा अंडकोष डाव्यापेक्षा मोठा लागला. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. संक्रांत गेली, शिवजयंती गेली, आणि लिंबाएवढी सूज पेरूएवढी झाली. मी पॅन्ट सोडून सैल लेंगा घालू लागलो. आम्ही पाच-सहा पेन्शनर रोज सकाळी शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत फिरायला जातो, तेही गुडघ्याचं निमित्त सांगून बंद केलं. सौ.ने विचारलं तर तिच्यावरच चिडलो.

आमच्या जुन्नरकडे उसात बिबट्या दिसला की अर्ध्या तासात सगळ्या शिवाराला खबर लागते. कुणी वनखात्याला फोन करतो, कुणी पोरांना घरात घेतो. अंगात गाठ दिसली तर मात्र सात महिने चिडीचूप!

ही चूप बसण्याची सवय जुनी आहे. माझं बालपण आंबेगाव तालुक्यात गेलं. गावात एक-दोन म्हातारे असे होते की धोतरातूनही त्यांची अंडवृद्धी दिसायची. आम्ही पोरं मागून हसायचो. त्यांना कुणी डॉक्टरकडे नेल्याचं मात्र आठवत नाही.

माझा एक चुलतभाऊ तेरा वर्षांचा असताना एका रात्री जांघेत आणि खाली भयंकर दुखतंय म्हणून ओरडत उठला. उलट्या झाल्या. घरच्यांनी ओवा दिला, विटेचा शेक दिला. लाजेने त्याने नेमकी जागा दाखवली नाही, आणि मोठ्यांनीही विचारली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैलगाडीतून घोडेगावला नेलं, तोवर उशीर झाला होता. एका बाजूचं वृषण काढावं लागलं. पुढे त्याला तीन मुलं झाली, कारण एक वृषण निरोगी असलं तरी पुरतं. पण ही गोष्ट त्याने मला सांगितली ती साठी उलटल्यावर.

असो. जून महिन्यात सौ.ने एक दिवस पाणी काढता काढता पाहिलंच. त्यानंतर माझं काही चाललं नाही. नारायणगावात सगळे ओळखतात म्हणून मी मुद्दाम मंचरचा सर्जन निवडला. आत गेलो तर खुर्चीतला माणूस उठून पाया पडला. माझाच विद्यार्थी! मला धरणी दुभंगावी असं झालं. तो शांतपणे म्हणाला, "सर, वर्गात तुम्ही म्हणायचात, शंका असेल तर हात वर करा. सात महिने हात का नाही वर केलात?"

त्याने खोलीत अंधार केला आणि सुजेला मागून बॅटरी लावली. प्रकाश लालसर होऊन आरपार आला. "पाणी आहे, सर. हायड्रोसील." तरी सोनोग्राफी केलीच, कारण पाण्याच्या आड वृषणात काही लपलेलं नाही ना, हे बघावं लागतं. मग छोटी शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी घरी आलो. गडचिरोली-चंद्रपूरकडे डासांमुळे होणाऱ्या हत्तीरोगानेही अशी अंडवृद्धी होते. माझ्या वयात पुष्कळदा वेगळं कारण सापडत नाही. सुई टोचून पाणी काढलं तर ते बहुधा पुन्हा भरतं, आणि भोंदूच्या हातची सुई तर नकोच.

त्याने जे समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगतो.

पायाला जखम झाली की जांघेत येणारं अवधाण आपल्याला ठाऊक आहे. जखम बरी झाली की ते बसतं. बसलं नाही, तर दाखवावं. खोकताना किंवा ओझं उचलताना जांघेत फुगवटा येतो आणि आडवं झालं की आत जातो, तो हर्निया. तो आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. बहुधा डाव्या बाजूला, गांडुळांच्या पुंजक्यासारख्या शिरा हाताला लागतात, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. त्याने कधीकधी मूल होण्यात अडचण येते. आणि माझ्या चुलतभावाला झालं तो वृषणाला पडलेला पीळ. त्यात रक्तपुरवठा तुटतो, आणि साधारण सहा तासांत पीळ सोडवला तरच वृषण वाचण्याची चांगली आशा असते.

पण त्याने सर्वांत जोर दिला तो न दुखणाऱ्या गाठीवर. प्रत्यक्ष वृषणातच खड्यासारखं काही टणक लागलं, ते दुखत नसलं, तरी आठवडाभरात डॉक्टरांना दाखवायचं. हा कर्करोग तसा विरळा, पण होतो तो जास्त करून पंधरा ते चाळीस या वयात. म्हणजे आपल्या नातवा-भाच्यांच्या वयात! लवकर कळला तर १०० पैकी ९५हून अधिक जण बरे होतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ साली, पंचविशीत, तो झाला आणि फुप्फुसं व मेंदूपर्यंत गेला, तरी तो बरा झाला. (त्याची विजेतेपदं पुढे औषधं घेतल्यामुळे गेली, तो भाग वेगळा.) आपल्या युवराज सिंगची गाठ छातीत होती, पण पेशी त्याच जातीच्या. २०१२ साली उपचार घेऊन तो पुन्हा मैदानात उतरला. दोघांवरही उपचार झाले ते अमेरिकेत इंडियानापोलिसला.

आज्यांनीही एक लक्षात ठेवावं. बाळाला न्हाऊ घालताना एखादी गोटी खाली लागत नसेल, तर "उतरेल आपोआप" म्हणून थांबू नये. सहा महिन्यांपर्यंत उतरली नाही तर दाखवावं. अशा मुलांना पुढे हा कर्करोग होण्याचा धोका अधिक असतो.

मी बी.ए.ला होतो तेव्हा र. धों. कर्व्यांवर टिपण लिहून चांगले गुण मिळवले होते. त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवलं आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, हे मला पाठ होतं. पुढे शिक्षक झाल्यावर एकदा विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या. त्यांच्या तासाला मी गेलो, पुस्तकात प्रजननसंस्थेचा धडा आला, आणि मी म्हटलं, "हा भाग घरी वाचा." पोरं खाली माना घालून हसली. त्यांतल्या एखाद्याला त्या वेळी काही विचारायचं असेल का, हा प्रश्न या तीन आठवड्यांत अंथरुणावर पडल्या पडल्या मला बराच छळून गेला.

भाचीची दोन्ही मुलं कॉलेजात आहेत. आज संध्याकाळी तिला पुन्हा फोन करणार आहे. कसलं ऑपरेशन झालं ते नाव घेऊन सांगणार, आणि मग म्हणणार, "आता पोरांना फोनवर बोलाव."