रकान्यात ‘बौद्ध’ असंच लिही

न्हावरे, ता. शिरूर

चि. सोनू,


म्युनिकच्या ऑफिसातली तुझी मैत्रीण म्हणते, बौद्ध हा धर्मच नव्हे, ते तत्त्वज्ञान आहे. मग तिथल्या नावनोंदणीच्या अर्जात धर्मापुढे काय लिहायचं, असं तू विचारलंस. फोनवर हे पुरं होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

मैत्रिणीचं अगदीच खोटं नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ बाबासाहेब गेल्यावर 1957 मध्ये छापून आला. त्यात त्यांनी स्वतःच मांडलंय की देव, आत्मा, पूजा-प्रार्थना यांवर उभ्या असलेल्या धर्मांहून बुद्धाचं सांगणं वेगळं आहे. माणसानं माणसाशी कसं वागावं, हा तिथला मुख्य प्रश्न. पण तेवढंच असतं तर पुस्तक लिहून भागलं असतं की! 1935 साली येवल्याला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असं जाहीर करून पुढची एकवीस वर्षं हा माणूस धर्मच शोधत होता. 25 डिसेंबर 1954 ला आपल्याच जिल्ह्यात, देहूरोडला, त्यांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. पुढच्या वर्षी भारतीय बौद्ध महासभा काढली. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेऊन लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. तत्त्वज्ञानाला एवढा खटाटोप लागत नाही.

तत्त्वज्ञान घरात बसून मानता येतं, त्यानं गावात काही हलत नाही. आपल्या माणसांना धर्म म्हणजे नेमून दिलेली कामं होती: वेशीची राखण, मेलेली जनावरं ओढणं, जत्रेत ठरलेला मान आणि ठरलेलं अंतर. ‘मला बुद्धाचे विचार पटतात’ एवढं म्हणून त्यातून सुटका नव्हती. ‘मी तुमच्या धर्मातला नाही’ म्हटल्यावरच ढोर ओढायला नकार देता आला. तुझ्या आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक विहिरीत टाकले ते त्याच बळावर. (पणजी मात्र पुढे कितीतरी वर्षं गुपचूप जेजुरीला जाऊन यायची. भंडारा पदराला दिसायचा, कुणी बोलायचं नाही.) 1951 ला महाराष्ट्रात जेमतेम काही हजार बौद्ध होते, 1961 च्या जनगणनेत सुमारे 28 लाख झाले. ही माणसं काही दहा वर्षांत तत्त्वज्ञानाची अभ्यासक झाली नव्हती.

आता कागदांची गंमत ऐक. माझ्या पेटीत घरातले तीन शाळा सोडल्याचे दाखले आहेत. आजोबांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, तो दीक्षेच्या आधीचा. तुझ्या वडिलांचा जन्म दीक्षेनंतरचा, तरी त्यांच्याही दाखल्यावर ‘हिंदू महार’च. कारण 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती जवळपास फक्त हिंदूंना होत्या. 1956 मध्ये त्यात शिखांना घेतलं, बौद्धांना नाही. राज्यानं पुढे नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीत त्याचा उपयोग नव्हता. तुझ्या वडिलांना पोस्टात लागायचं होतं. भिंतीवर बुद्ध आणि दाखल्यावर हिंदू, असं घरोघरी होतं. मला यात कुणाचा ढोंगीपणा दिसत नाही. पोट आणि मान दोन्ही सांभाळायची ती कसरत होती. 1990 मध्ये संसदेनं कायदा बदलला, म्हणून तुझ्या दाखल्यावर सरळ ‘बौद्ध’ आलं.

सरकारचा तरी कुठे मेळ आहे? 1993 पासून आपण अल्पसंख्याक, पण लग्नाला लागू हिंदू विवाह कायदा! त्रिसरण-पंचशील म्हणून पांढऱ्या साडीत लागलेलं माझं लग्नसुद्धा कायद्यानं हिंदूच.

म्हणून तू ‘बौद्ध’ लिही. तिथला चर्चचा कर चर्चच्या सभासदांना असतो, आपल्याला नाही, तेव्हा ती काळजी नको. मैत्रिणीला सांग, ध्यानाला बसणाऱ्याला तत्त्वज्ञान पुरतं, आम्हाला पुरलं नसतं.

तिन्ही दाखल्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर धाडते. मूळ प्रती मागू नकोस. बौद्ध म्हणून जातीचा दाखला काढतानाही आधीची जात सिद्ध करावी लागते, आणि तुझ्या भावाच्या जातीची पडताळणी अजून व्हायचीय.

तुझी,
आत्या