गच्चीवरचा पाइप, ढग पळवणारं विमान आणि मंडळाचं पर्जन्यमापक

मंडळी, आमच्या गच्चीवर जो पाइप दिसतो तो मोबाईल टॉवर नाही. त्याचं महिन्याला भाडं मिळत नाही, त्यातून "किरणं" निघत नाहीत आणि फुकटचे चॅनेलही दिसत नाहीत. आठ दिवसांत हे तिन्ही प्रश्न इतक्या जणांनी विचारले की एकदाच लिहून टाकतो. तो विमानांचे सिग्नल पकडायचा अँटेना आहे.

आता ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, जिथं आपण वर्षानुवर्षं एकेका गाडीच्या थांब्यासाठी निवेदनं देतो, तिथं विमानाचं काय काम? काम आहे, आणि ते ढगांपासून सुरू होते.

दरवर्षी पेरणी झाली आणि पावसानं डोळे वटारले की आपल्या भागात एक गोष्ट फिरते. विमान येते, घिरट्या घालते, ढग पयवते. यंदाही व्हॉट्सॲपवर पांढऱ्या पट्ट्यांचे फोटो आले. एका गावच्या लोकांनी तर तहसीलदाराला द्यायचं निवेदन लिहून ठेवलं आणि बातमीसाठी मला फोन केला. "भाऊ, रोज संध्याकाळी येते. आम्ही डोयानं पाह्यतो." ज्याची सोयाबीनची बॅग जमिनीत गेली आणि वर आभाळ कोरडं आहे, त्याला "अफवांवर विश्वास ठेवू नका" असं छापून काही होत नाही. कोणतं विमान होतं, कुठून कुठं चाललं होतं, किती उंचीवर होतं, हे सांगता आलं पाहिजे. म्हणून पाइप.

यामागचं तंत्र सोपं आहे. आजचं बहुतेक प्रवासी विमान स्वतःच ओरडत जाते: मी अमुक, इथं आहे, इतक्या उंचीवर, इतक्या वेगानं. याला एडीएस-बी म्हणतात. हे ओरडणं १०९० मेगाहर्ट्झवर चालते, त्याला कुलूप-किल्ली नाही. प्रत्येक विमानाला आपला एक क्रमांक असतो आणि भारतात नोंदलेल्या विमानाचा बहुधा ८० ने सुरू होतो. मोबाईलवर विमानं दाखवणारे जे नकाशे आपण पाहतो ते अशाच घरगुती अँटेनांवर उभे आहेत. फ्लाइटरडार२४ हे २००६ मध्ये स्वीडनमधल्या दोन हौशी माणसांनी सुरू केलं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं तेव्हा शेवटचा सिग्नल ६२५ फुटांवरून आला हा आकडा जगाला पहिल्या काही तासांत कळला तो याच जाळ्यातून.

सामान म्हणाल तर पेन ड्राइव्हएवढं एक यंत्र, ते ऑनलाइन मागवलं. घरात पडलेला जुना लॅपटॉप. अँटेना मात्र इलेक्ट्रिशियनकडच्या तांब्याच्या तारेचा. एक तुकडा उभा, चार तुकडे छत्रीच्या काड्यांसारखे खाली झुकलेले, प्रत्येकी ६.९ सेंटिमीटर. या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा पाव भाग तो. मापात दोन-चार मिलिमीटरची चूक चालून जाते, पण केबल लांब झाली की सिग्नल तिच्यातच मरतो. म्हणून यंत्र वर जिन्याच्या खोलीत ठेवलं आणि तिथून खाली लॅपटॉपपर्यंत साधी नेटवर्कची वायर आणली. सांध्यांना एमसील लावलं. केबलला आत शिरण्याआधी खाली एक झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकते.

दोन गोष्टींची काळजी घेतली. एक वानरं. दूरदर्शनच्या काळात ज्यांनी अँटेना पाहिला त्यांना सांगायला नको. म्हणून पाइप बारीक घेतला, झोके घेण्यासारखं वर काही ठेवलं नाही. दुसरी गोष्ट वीज. जून-जुलैत आपल्याकडं शिवारात विजेनं माणसं जातात आणि गच्चीवर लोखंडी पाइप उभा करणं हा खेळ नाही. पाइपाला वेगळी अर्थिंग दिली, जाड तारेनं थेट जमिनीत. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आजूबाजूला वीज पडत असल्याचं दाखवू लागलं की केबल काढून ठेवतो. हे ॲप तुमच्या फोनमध्ये नसेल तर अँटेना सोडा, आधी ते घ्या.

आणखी एक. आपल्या देशात बिनतारी यंत्राला १९३३ च्या कायद्यापासून परवान्याची भानगड आहे. साध्या रेडिओचंही लायसन पोस्टात भरावं लागे, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला आहे. माझं यंत्र फक्त ऐकते, काहीच पाठवत नाही. तरी पुलगावचं दारूगोळा भांडार इथून फार लांब नाही, म्हणून ठाण्यात लेखी कळवलं, पोच घेतली. लष्कराचं काही दिसलंच तर ते कुठं टाकायचं नाही, हा माझा मीच घातलेला नियम.

आता संध्याकाळच्या विमानाकडं येतो. तीन दिवस मी त्या गावच्या काकांना सांगून ठेवलं: दिसलं की फोन करा, वेळ सांगा. फोन आले. प्रत्येक वेळी पडद्यावर विमान होतं आणि ते चौतीस-पस्तीस हजार फुटांच्या वर होतं. हैदराबाद–दिल्ली, बेंगळुरू–दिल्ली, मुंबई–कोलकाता. नकाशावर पट्टी ठेवून हैदराबाद ते दिल्ली सरळ रेघ मारा, ती जवळजवळ चांदूरच्या डोक्यावरून जाते. बेंगळुरू–दिल्लीची रेघ आपल्या पश्चिमेला, अकोल्याच्या अंगानं. ही वाट जुनी आहे. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात येऊन थैल्या बदलत. देशाच्या मधोमध राहण्याचं हे फळ: आपल्याकडं कोणी उतरत नाही, पण डोक्यावरून सगळेच जातात.

पांढरा पट्टा म्हणजे इंजिनातून निघालेली वाफ, वरच्या कडाक्याच्या थंडीत गोठलेली. तो बराच वेळ टिकला तर वरच्या हवेत ओल आहे एवढंच समजायचं.

काका घरी आले, पडदा पाहिला, चहा घेतला आणि असा प्रश्न विचारला की मी खूश झालो. "हे तर जे बोलते तेच दिसते ना भाऊ? ढग पयवणारा आपलं मशीन बंद ठेवून आला असीन तर?"

बरोबर आहे. जे विमान बोलत नाही ते माझा पाइप दाखवणार नाही. पण ढगापाशी यायचं तर विमानाला फार खाली यावं लागते आणि मग त्याचा आवाज अख्ख्या तालुक्याला येईल. दुसरं, वजन. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशा साध्या कापसासारख्या ढगात सुमारे ५०० टन पाणी असते. पावसाळी ढग त्याच्या कितीतरी पट. ते कोणतं विमान पळवणार? विमानानं ढगात फवारणी करतात हे खरं आहे, आपल्याच राज्यात २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये केली, पण ती पाऊस पाडायला. सोलापूरला आयआयटीएमनं २०१७ ते २०१९ मध्ये प्रयोग केले, त्यात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढल्याचं निघालं. तेही आधी योग्य ढग असतील तरच.

"मंग पाऊस जाते कुठी?" काका म्हणाले.

मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडं सरकला की मध्य भारतात खंड पडतो. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पावसाशिवाय पेरू नका म्हणते ते यासाठीच. पण पहिल्या सरीत शेजारी पेरतो, तिफण निघालेली दिसते, मग कोण थांबते? थांबणं सांगायला सोपं आहे, मी पगारावर जगतो.

खरं तर मला निवेदन वेगळंच हवं आहे. अतिवृष्टीची मदत ठरते ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला का, यावर. म्हणजे कितीतरी गावांचा फैसला एका यंत्राच्या आकड्यावर. तुमच्या मंडळाचं पर्जन्यमापक कुठं बसवलंय, कोणी पाहिलं? ते झाडाखाली किंवा भिंतीला टेकून असू नये. आजूबाजूच्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर मोकळ्या जागेत पाहिजे. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. तो प्रयोग कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी होतो, हेही विचारा. विमानाच्या फोटोला जेवढे शेअर मिळाले त्याच्या निम्मी माणसं त्या कुंपणापाशी गेली तर मी पहिल्या पानावर बातमी लावतो.

बेलोऱ्याचंही विचारतात. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीचं विमानतळ सुरू झालं, मुंबईचं एटीआर विमान येते. ते मला येताना दिसते, पण खाली उतरता उतरता गायब होते. मधे पोहरा-मालखेडचे डोंगर आहेत आणि या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत. पस्तीस हजार फुटांवरचं विमान मोकळ्या क्षितिजावर चारशे किलोमीटरवरून ऐकू येऊ शकते, सत्तावीस किलोमीटरवरचं उतरतं विमान मात्र नाही. बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण केंद्रही जाहीर झालंय, ३४ छोटी विमानं. ती सुरू झाली की खरोखरच घिरट्या घालतील, कमी उंचीवर, आणि तेव्हा हे ढगांचं प्रकरण पुन्हा पेटेल.

त्यासाठी डोंगरापलीकडं एक अँटेना पाहिजे. नांदगाव खंडेश्वर किंवा बडनेऱ्याकडं कोणाची उंच गच्ची असेल, घरी इंटरनेट असेल, तर कळवा. तार मी कापून देतो. चार ठिकाणी अशी यंत्रं झाली तर जे विमान नुसता क्रमांक सांगते, जागा सांगत नाही, त्याचीही जागा सिग्नल पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून काढता येते. काकांनी त्यांच्या गावातल्या पाण्याच्या टाकीचं सुचवलंय. ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय, मासिक सभेत विषय येईल.