वाळलेला हात

‘विदर्ड आर्म’ या दोन शब्दांसाठी मी लिहिलेलं मराठी मामाला वाचून दाखवलं आणि तो हसला. “अगं, कोमेजतात ती फुलं,” म्हणाला. “हात वाळतो.”

मार्च संपत आला होता. कुंडम हे जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. या दिवसांत इथली अंगणं मोहाच्या फुलांनी भरलेली असतात. बाया-पोरं पहाटे झाडाखालून फुलं वेचून आणतात आणि उन्हात पसरतात. पहिल्या दिवशी ती फिकट पिवळी, गुबगुबीत असतात. चार-पाच दिवसांत लालसर तपकिरी होतात, मनुकांसारखी आक्रसतात आणि वजन निम्म्याच्याही खाली जातं. मामा उजव्या हाताने फुलं खालीवर करत होता. डावा हात नेहमीसारखा सदऱ्याच्या खिशात होता.

मी टॉमस हार्डीची ‘द विदर्ड आर्म’ ही १८८८ सालची कथा मराठीत आणत होते. शेतकरी लॉज तरुण, देखणी बायको करून आणतो. त्याने पूर्वी टाकलेली ऱ्होडा स्वप्नात त्या नववधूचा दंड पकडून तिला भिरकावून देते, आणि त्यानंतर गर्ट्रूडचा तो हात खराब होत जातो. गर्ट्रूड कोवळी, नाजूक. म्हणून माझ्या हातून ‘कोमेजलेला’ हा शब्द सहज उतरला होता. वाक्य वाचायला गोडही लागत होतं. मामा हसल्यावर कळलं, की मी गर्ट्रूडचा चेहरा पाहून शब्द निवडला होता, हात पाहिलाच नव्हता.

इंग्रजीत या घराण्यातले शब्द पुष्कळ आहेत. ‘विदर’ हे बहुधा ‘वेदर’चंच रूप, उघड्यावर पडून ऊनवारा खात संपत जाणं. ‘श्रिव्हल’मध्ये वाळणं, आक्रसणं आणि सुरकुतणं एकदमच येतं. ‘श्रिंक’ला कोरडेपणाची गरज नाही, लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात भिजूनच श्रिंक होतो. ‘ड्विंडल’ला तर पाण्याशी देणंघेणंच नाही, पैसा, आशा, सभेतली माणसं, काहीही हळूहळू कमी झालं की ते लागतं. ‘पार्च’मध्ये उष्णतेची झळ आहे: घसा, जमीन. ‘डेसिकेट’ लॅटिनमधून आलेला, प्रयोगशाळेत रुळलेला, आणि आपल्याकडे किसलेल्या खोबऱ्याच्या पाकिटावर पोचलेला.

मराठी हिशेब वेगळा मांडते. ती आधी विचारते, कोण? विहीर आटते, झाड उभ्या उभ्या वठतं, कातडी सुरकुतते, माणूस खंगतो, गर्दी रोडावते. कर्ता चुकला की वाक्य हास्यास्पद होतं. विहीर वठत नाही आणि माणूस आटत नाही. इंग्रजीत एकाच ‘ड्राय अप’मध्ये नदीही मावते आणि रंगमंचावर वाक्य विसरलेला नटही.

या सगळ्यांत ‘वाळणं’ मला वेगळं वाटतं. ते माणूस मुद्दाम घडवूनही आणतो. आपण पापड, कुरडया, मिरच्या वाळत घालतो, आणि त्या कामाला ‘वाळवण’ हे स्वतंत्र नाव आहे. वाळलेली वस्तू टिकते. मराठी बायबलमध्ये येशू ज्याला बरा करतो त्या माणसाचा हातही वाळलेलाच आहे.

मामाच्या हातात मात्र वाळण्यासारखं काही घडलेलं नव्हतं, शरीरशास्त्राच्या दृष्टीने तरी. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. हुकूम येईनासा झाला की स्नायू झिजतो. मूल लहान असेल तर हाडाची वाढही मागे पडते. पाणी कुठेच गेलेलं नसतं. साल्क यांची लस १९५५ साली अमेरिकेत आली. मामाला ताप आला तो त्याच्या आदल्या वर्षी, दोन वर्षांचा असताना. भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं २७ मार्च २०१४ रोजी, तेव्हा मामा शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.

“गावात मला काय म्हणतात, ठाऊक आहे ना?” मामाने विचारलं. ठाऊक होतं. सूखे हाथवाले मास्टर. हिंदीतला हा ‘सूखा’ दुष्काळही आहे आणि लहान मुलांना अन्नाअभावी होणारा रोगही. डॉक्टर त्याच रोगाला ‘मरॅस्मस’ म्हणतात. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ कोमेजणं, झिजणं. त्याच क्रियापदाला नकार जोडून ‘अमरँथ’ झाला, न कोमेजणारा, म्हणजे आपला राजगिरा.

गावाकडे निदान शब्द होता. आमच्या घरात तो नव्हता. आई ‘त्याचा डावा’ म्हणायची, आजी ‘तो हात’. फोटो काढताना मामाला नेहमी उजवीकडून उभं करायचे. मी मोल्सवर्थचा कोश हाताशी ठेवून वीस वर्षं भाषांतरं करते आहे, आणि या एका गोष्टीसाठी वापरलेला शब्द घरात कधी ऐकलेला नाही. ‘कोमेजलेला’ मला इतका सहज का सुचला, याचंही उत्तर कदाचित तिथेच असेल. तो न पाहण्याचाच शब्द होता.

मी वहीत दुरुस्ती केली. मामाने विचारलं, “पुढे काय होतं त्या पोरीचं?”

मी सांगितलं. फाशी गेलेल्या माणसाच्या मानेला हात लावला तर बरं वाटेल, असं तिला एक जाणता सांगतो. ती तुरुंगापर्यंत जाते, हात लावते. फाशी गेलेला पोरगा ऱ्होडाचा आणि तिच्याच नवऱ्याचा निघतो. त्या धक्क्याने ती मरते.

मामा बराच वेळ फुलं सारत राहिला. मग म्हणाला, “आई मला दर अमावस्येला कुंडावर न्यायची.” हिरण नदी इथे कुंडमजवळच उगम पावते, पुढे नर्मदेला मिळते. “थंडी असो, काही असो, माझा हात धरून पाण्यात बुडवून ठेवायची. बोटं बधिर व्हायची. उजवी. म्हणजे उजवाही बुडवायची, काय सांगावं, याचंही तसंच होईल म्हणून. मी सात-आठ वर्षांचा होईपर्यंत चाललं हे.”

“काय म्हणायची?”

“काही नाही. नुसती पाहत बसायची.” त्याने मूठभर फुलं उचलून दाबून पाहिली, अजून एक दिवस ऊन हवं होतं. “महुआ भिजवला की फुगतो ना गं. तसं वाटत असेल तिला.”

पोतं आणायला मी उठले. परत आले तेव्हा त्याने डावा हात खिशातून काढला होता आणि पोत्याचं तोंड उघडं धरायला मनगट पुढे केलं होतं.